एका मुलीचा वर्ग

लग्नासाठी मुलीची चौकशी करायची तर माणसं आधी मुलीच्या घरी जात नाहीत. शेजाऱ्यांना विचारतात, किराणा दुकानदाराला विचारतात, जीपवाल्याला विचारतात, आणि मुलगी कॉलेजात जाणारी असेल तर कॉलेजात येतात. जाफराबादकडे ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून शिपाई कारभारी दारातून डोकं आत घालून म्हणाला की राजूरच्या एक बाई चौकशीला आल्यात, तेव्हा कोणाच्या चौकशीला, हे सरोजिनीबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांच्या वर्गात मुलगी एकच होती, आणि मुलगा एकही नव्हता.

ती समोरच बसली होती. बेबीनंदा, बी.ए. दुसरं वर्ष, गाव पिंपळगाव रेणुकाई. दोघींच्या मध्ये तर्कशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. कारभारीचं बोलणं ऐकून ती कानापर्यंत लाल झाली आणि मॅडमनी सांगायच्या आधीच उठून ग्रंथालयाकडे निघून गेली.

सरोजिनीबाईंना हा आठवडाच वाईट गेला होता.  सोमवारी प्राचार्य तातेरावांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. तातेराव वाईट माणूस नव्हते. खुर्चीत मागे रेलून त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, पुढच्या वर्षी तुमच्या शेवटच्या वर्षाला एक पोरगी असली तरी मी विद्यापीठाशी भांडतो. पण कोणीच नसल्यावर कोणासाठी भांडू?" संस्थेला संगणकाच्या कोर्ससाठी खोल्या हव्या होत्या. एकोणीसशे नव्याण्णव साल होतं आणि जो तो संगणकाचंच बोलत होता. मंगळवारी दोन माणसं टेप घेऊन तत्त्वज्ञानाची खोली मोजायलाही आली. तास चालू होता, पण त्यांना तो तास वाटला नाही. त्यांनी बेबीनंदाला पाय वर घ्यायला सांगितले आणि बाकाखालून टेप नेली.

सरोजिनीबाई एक्याऐंशी साली इथे रुजू झाल्या तेव्हा पोरं खिडकीत बसून तास ऐकायची. त्यातल्या अनेकांना तत्त्वज्ञानाचं काही पडलेलं नव्हतं, पास होणं सोपं म्हणून ती यायची, हे त्यांना ठाऊक होतं. तरी समोर माणसं होती आणि त्यातली काही खरोखर ऐकत होती. मग पोरं डी.एड.ला जायला लागली, विज्ञान शाखा आली, वर्ग आटत गेला. गेली काही वर्षं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कला शाखेचे सगळे प्राध्यापक गावोगाव हिंडत. ओट्यावर बसून चहा घ्यायचा आणि मुलाला आमच्याकडे घाला म्हणून विनवायचं. विद्यापीठाची समिती तपासणीला आली की शेजारच्या वर्गातली पोरं उचलून आपल्या वर्गात बसवायची. समितीलाही ते कळत असे. समितीतल्या माणसांचे स्वतःचे वर्ग असेच भरलेले होते.

बेबीनंदा अशीच एका उन्हाळ्यात मिळाली होती. तिचा बाप रामकिसन मुलीला एवढ्या लांब पाठवायला राजी नव्हता. सरोजिनीबाईंनी त्याला शब्द दिला की सकाळी जीपमधून उतरल्यापासून संध्याकाळी परत जीपमध्ये बसेपर्यंत तुमची मुलगी माझी. आणि मुलगी निघाली अशी की बाईंना कित्येक वर्षांनी तासाची तयारी करून यावं लागायला लागलं. तिला दिलेलं मान्य करायची सवय नव्हती. अमुक विधानावरून तमुक निष्कर्ष निघतो म्हटलं, की ती आधी तो निघत नाही असं दाखवायचा प्रयत्न करी.

सोमवारपासून मात्र बाई तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या होत्या. ती शिंकली तरी त्यांना धस्स व्हायचं. हिंदीचे प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, पोरीला जपा. तिला सर्दी झाली तर विभागाला न्यूमोनिया व्हायचा." सगळे हसले. सरोजिनीबाईही हसल्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारच्या तालुक्यातले संस्कृतचे एक प्राध्यापक होते. त्यांचा विषय बंद झाला तेव्हा नोकरी गेली नाही. त्यांना परीक्षेच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बघायला लावलं. सरोजिनीबाईंनी त्यांना टाकीवर उभं राहून पाण्याची पातळी बघताना पाहिलं होतं. सगळं आयुष्य एका गोष्टीत घातल्यावर ती गोष्टच नाही असं ठरलं तर खाली उरतं काय, या प्रश्नापाशी त्यांचा विचार थांबायचा.

राजूरच्या गोजरबाई आत आल्या आणि बेबीनंदाच्याच बाकावर बसल्या. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मोकळ्या. मुलगा त्यांचा भाचा, झेडपीच्या शाळेत मास्तर. घरची जमीन आहे, व्यसन नाही, हे त्यांनीच सांगून टाकलं. कारभारीने चहा आणून ठेवला. मग गोजरबाईंनी मुलगी कशी आहे ते विचारलं.

चांगली, लाखात एक, असं सरोजिनीबाईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी आधी लग्न कधी धरलंय ते विचारलं.

"वैशाखात बार उडवून द्यायचा. लांबवून काय करायचं?"

"आणि तिचं शिक्षण?"

"आता झालं तेवढं बिलकुल बस. नवरा मास्तर हाय. घरात एक शिकलेला असला की पुरे, दोन झाले की भांडण."

 बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायला धडपडत होतं. तेवढ्या वेळात सरोजिनीबाईंना रिकामा बाक दिसला, टेप दिसली, पाण्याची टाकी दिसली. मग त्या म्हणाल्या, "एवढी घाई कशाला करता? वर्षभर थांबा की."

गोजरबाईंनी ओठाला लावलेला ग्लास खाली घेतला. "का बरं?"

इथे सगळं सावरता आलं असतं. मुलगी हुशार आहे, तिला पदवी घेऊ द्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हुशारीचं कारण या बाईंना पटणार नाही आणि वैशाख काही टळणार नाही, असं सरोजिनीबाईंच्या भीतीने त्यांच्या आधीच ठरवून टाकलं. त्या पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "तसं काही नाही. नीट चौकशी करून मग ठरवा, एवढंच."

गोजरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ग्लास बाकावर लांब सरकवला. चहा तसाच होता.

"उपकार झाले, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लोक तोंडावर सांगत न्हाईत."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. खिडकीतून फाटकापर्यंतची वाट दिसत होती. गोजरबाई सावकाश चालत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सरोजिनीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि स्वतःला सांगत राहिल्या की आपण मुलीविरुद्ध अक्षरही बोललो नाही. चौकशी करा, या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईचं हे म्हणणं अगदी बिनचूक होतं. गोजरबाई फाटकाबाहेर गेल्या.

बेबीनंदा परत आली, काही न विचारता बसली आणि अर्धवट राहिलेलं उदाहरण सोडवू लागली. सरोजिनीबाईंना तिच्या वाकलेल्या मानेकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. बाईंनी तिला ताप आला असेल असं धरलं, मग परीक्षेचा अभ्यास धरला, घरचं काही कार्य धरलं. मग कारभारीने जीपवाल्याकडून ऐकलेलं सांगितलं. सोयरीक मोडली होती. राजूरच्यांनी कारण दिलं नाही, फक्त नको म्हणून कळवलं. आणि कारण दिलं नाही म्हटल्यावर ते लोकांनी दिलं. पोरीचं कॉलेजात कोणावर तरी मन आहे, इथून सुरुवात झाली. दोन दिवसांत त्या पोराला नाव मिळालं, तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे मोटारसायकलही आली. तसा पोरगा साऱ्या जाफराबादेत नव्हता. पण नाव असलेल्या माणसाला आता नाही कसं म्हणायचं?

"बापानं घरी बसवली तिला," कारभारी म्हणाला. "बुलढाण्याकडचा एक बिजवर बघून राह्यलेत. जल्दी उरकायचं म्हणून." मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "अन् मॅडम, तिची आई तिला विहिरीवर एकटीला जाऊ देत न्हाई म्हणं."

सरोजिनीबाईंनी हातातला खडू बाकावर ठेवला. विहिरीवर एकटीला का जाऊ देत नाहीत, हे त्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या तशाच उठून तातेरावांकडे गेल्या. सांगायला लागल्या, पण मूळ गोष्टीपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी हात वर केला. त्यांना वाटलं, बाई वर्गासाठी आल्यात. काळजी करू नका, म्हणाले, माझ्या चुलतभावाची सून घरीच असते, तिचं नाव घालू, परीक्षेपुरती येईल. सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे विषय वाचत होता. बेबीनंदाशिवायच वाचत होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. त्या क्षणी त्यांच्या अंगातून एक बरं वाटल्याची लहर गेली, आणि ती गेल्याचं लक्षात येताच त्यांना स्वतःची जी भीती वाटली, तशी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राजूरला उतरल्या.

गोजरबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पोतं टाकून बसायला दिलं, पाणी दिलं आणि पुन्हा हातोडी उचलली. सरोजिनीबाई वाटेत जुळवून आणलेली वाक्यं बसताक्षणीच विसरल्या. मुलीत काडीचा दोष नाही, एवढंच त्या म्हणाल्या. दोष माझा आहे. ती लग्न होऊन गेली असती तर माझा वर्ग बंद पडला असता, म्हणून मी तसं बोलले.

हातोडी थांबली. गोजरबाई मोठ्याने हसल्या. अगदी मनापासून.

"एका पोरीसाठी सरकार एक बाई ठेवतं? मॅडम, मी अडाणी हाय, पण एवढी न्हाई. पोरीवर पांघरूण घालून राह्यल्या तुम्ही. चांगलं मन हाय तुमचं."

सरोजिनीबाईंनी पुन्हा सांगितलं. वर्गात खरंच एकच मुलगी आहे. गोजरबाईंनी मान हलवली. त्यांच्या जावेचा मुलगा त्याच कॉलेजात होता. दिवाळीनंतर तो घरी आला तेव्हा म्हणाला होता की तत्त्वज्ञानाचा वर्ग गच्च भरलाय, तो स्वतः तिथे बसला होता. "तो कशाला खोटं बोलंल?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा एक चिंच दगडावर ठेवली.

 सरोजिनीबाईंना पुढचं वाक्य स्पष्ट दिसत होतं आणि त्याच्या पुढचंही सगळं दिसत होतं. हे इथे बोललं की चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येणारा सगळा तालुका ते घरी घेऊन जाणार. संस्थेपर्यंत जाणार, विद्यापीठापर्यंत जाणार. तातेरावांची चुलतसून कामी येणार नाही. आणि नाही बोललं तर पिंपळगावात एक मुलगी बुलढाण्याच्या बिजवराची वाट बघत घरात कोंडलेली, आणि तिची आई विहिरीकडे डोळा ठेवून.

"तो खोटं बोलला नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तपासणीची समिती आली होती. त्याला शेजारच्या वर्गातून आम्हीच आणून बसवलं होतं. सगळी पोरं तशीच होती. खरी फक्त बेबीनंदा."

आता गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले.

"पोरंबी खोटी?"

"हो."

"अन् समितीला कळलं न्हाई?"

"कळलं असेल. ते बोलत नाहीत."

गोजरबाईंनी समोरचे चिंचोके एका ढिगात ओढले. हे सगळं इतकं अजब होतं की कोणी मनाने रचलं नसतं. बहुधा त्याचमुळे त्यांना ते पटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे तुम्ही माझ्या दारात बोललात. पोरीच्या बापाच्या दारात, चार माणसांत बोलाल?"

सरोजिनीबाई हो म्हणून गेल्या. 

पिंपळगावला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. जीपमध्ये गोजरबाई पुढे बसल्या, वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. रामकिसनच्या ओट्यावर तो स्वतः, त्याचा थोरला भाऊ आणि शेजारचे दोघं बसले होते. राजूरची बाई बघून ते उठले, मागून येणाऱ्या मॅडमना बघून कोणालाच काही सुचेना. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. ती नंदाबाई, बेबीनंदाची आई.

सरोजिनीबाईंनी आयुष्यभर माणसांसमोर उभं राहून बोलायचंच काम केलं होतं. तरी पहिलं वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. रिकामा वर्ग, आणून बसवलेली पोरं, तातेरावांचं बोलणं, खोलीची मोजणी, आणि आपण गोजरबाईंना काय म्हणालो ते शब्दाला शब्द. आपण घाबरलो होतो, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांना वाटलं की हे सांगायला नको होतं, ती सबब होती.

रामकिसन मोठा धिप्पाड माणूस. सरोजिनीबाई धरून चालल्या होत्या की तो आरडाओरडा करील, अंगावर येईल. तो आला नाही. तो ओट्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही याच ओट्यावर बसून शब्द दिल्ता, मॅडम."

"दिला होता," त्या म्हणाल्या.

"मी मारलं तिला," तो म्हणाला. "त्या पोराचं नाव विचारत होतो. ती म्हणायची, असा कोणी पोरगाच न्हाई. मी आणखी मारायचो."

 आत नंदाबाईंचं रडणं सुरू झालं, ते आतल्या आत, तोंडात पदर धरून. अखेर गोजरबाईच बोलल्या. आपलीही चूक झाली, एका वाक्यावर उठून गेलो, म्हणाल्या. भाच्याकडे पुन्हा शब्द टाकते, पण आता मुलीला विचारून. बुलढाण्याला आजच निरोप जाऊ द्या. थोरल्या भावाने हे बरोबर म्हणून मान डोलावली आणि पुरुषांचं बोलणं हळूहळू त्या बाजूला वळलं. सरोजिनीबाईंकडे कोणी लक्ष दिलं नाही. त्या उठल्या आणि रस्त्याकडे चालायला लागल्या.

मागून चपलांचा आवाज आला. बेबीनंदा होती. पंधरवड्यात ती उतरली होती, आणि मनगटावर बांगडी फुटून झालेली जखम अजून सुकली नव्हती. नंदाबाई दारात उभ्या राहून दोघींकडे बघत होत्या.

काही पावलं दोघी बरोबर चालल्या. सरोजिनीबाईंना क्षमा मागायची होती.  त्याआधी बेबीनंदाच बोलली. वडील आता परीक्षा द्यायला नाही म्हणणार नाहीत, म्हणाली. यंदाची कॉलेजातून देते. शेवटच्या वर्षाचा फॉर्म मात्र बहिःस्थ भरायचा, घरी बसून अभ्यास करायचा. लग्न झालं तरी, नाही झालं तरी.

बहिःस्थ विद्यार्थी वर्गात मोजला जात नाही. हे दोघींनाही माहीत होतं.

"विषय बदलणार का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"न्हाई. विषय तोच." ती थांबली. "मॅडम, तुम्ही शेवटी शेवटी माझ्याकडं टक लावून बघायच्या ना, मला वाटायचं मी हुशार हाय म्हणून. घरी आईला सांगायची मी. आता तुमच्यासमोर एकटीनं बसायची मला भीती वाटते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादं विधान तपासून, जेवढं निघतं तेवढंच मांडावं, तशी ती बोलली होती. सरोजिनीबाईंनी त्यात कुठे चूक सापडते का ते पाहिलं. सापडली नाही.

"पुढच्या प्रकरणांचं पुस्तक तेवढं जीपवाल्याजवळ द्या," बेबीनंदा म्हणाली आणि वळली. ती भराभर चालत गेली. दारात नंदाबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं.

जीप आली तेव्हा गोजरबाई पळत येऊन पुढच्या सीटवर बसल्या. आता त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. मागे वळून त्या जीपमधल्या बायकांना सांगायला लागल्या, की एक कॉलेज आहे, तिथे एकाच पोरीचा वर्ग भरतो, आणि साहेब लोक आले की शेजारून पोरं आणून बसवतात. बायका हसायला लागल्या, एकीने विचारलं, मग ती बाई शिकवते तरी काय? गोजरबाईंना ते सांगता येईना. त्यांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं, आणि साऱ्या जीपनेच त्यांच्याकडे पाहिलं.

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या सरोजिनीबाईंनी पिशवी घट्ट धरली.

"तत्त्वज्ञान," त्या म्हणाल्या, आणि बायकांनी सरकून त्यांना जागा करून दिली.